जलरंग, अक्षरं, शाडू आणि पेटी : यातलं एकच धरावं का?

गोदाकाठची | सोमवार, रात्री ११.२०

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज दुपारपासून पाऊस लागून राहिलाय, मूर्तींवर पंखा सोडलाय, झोप येत नाहीये. लिहितेच.

मी पंचवटीत राहते. वय ३९. चित्रकलेचं रीतसर शिक्षण झालं, मग सहा वर्षं एका जाहिरातींच्या ऑफिसात काढली आणि गेली अकरा वर्षं स्वतःचं काम करते. घर चालतं ते मुख्यतः एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या क्लासवर. तीन बॅचेस, मिळून ३४ मुलं. बाकी वेळात जलरंग करते, बहुतेक घाट आणि जुने वाडे. अक्षरलेखनाची कामं घेते, म्हणजे लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, कधी एखादं मुखपृष्ठ. आषाढ लागला की शाडूच्या मूर्ती, दरवर्षी चाळीस-पन्नास. आणि आईची पेटी आहे. ती रोज अर्धा तास तरी उघडते, गल्लीतल्या भजनी मंडळाला साथ करते.

यातलं काहीच मी हौस म्हणून मागाहून गोळा केलेलं नाही. वडील पेंटर होते, पाट्या रंगवायचे. पत्र्यावर रेड ऑक्साइड मारायचं, वाळलं की पांढरा हात द्यायचा, खडूच्या दोरीने रेघा मारायच्या आणि मग पट्टी ब्रशने अक्षर. शाळेतून आले की इनॅमलचा डबा धरून मी शेजारी उभी असायचे. शिरोरेषा ते सगळ्यात शेवटी ओढायचे, एका दमात, आणि ती ओढेपर्यंत मीही श्वास धरून ठेवायचे. हात टेकायची त्यांची काठी, टोकाला चिंधी गुंडाळलेली, अजून माझ्याकडे आहे. शाडू मामाकडून आला. पेटी आईकडून. जलरंग तेवढा माझा मी शोधलेला.

गेल्या महिन्यात गावातल्या एका दालनात आम्हा पाच जणांचं प्रदर्शन होतं. माझी सहा जलरंग चित्रं, आणि एका बाजूला अक्षरांचे दोन कागद. ज्यांच्या कामाकडे बघत मी शिकले असे एक ज्येष्ठ चित्रकार आले. प्रत्येक चित्रासमोर शांतपणे थांबले. मग टेबलावरचं माझं कार्ड उचललं. त्यावर लिहिलंय: चित्रकार, अक्षरलेखन, शाडू मूर्ती, चित्रकला वर्ग. ते वाचून त्यांनी विचारलं, "तुम्ही नक्की काय करता?"

आवाजात टोमणा नव्हता. मी काहीतरी बोलले, ते हसून पुढे गेले. पण त्या दिवसापासून मी जलरंगाचा कागद बोर्डाला लावलेला नाही. माझ्या शेजारी ज्याची चित्रं होती तो पाच वर्षं फक्त बैल रंगवतोय. लोक आत येता येता "ते बैलवाले कुठेत" असं विचारत होते. त्याची चार चित्रं गेली. माझं एक गेलं, तेही क्लासमधल्या एका मुलीच्या आईने घेतलं.

जलरंगवाल्यांत मी पाट्या रंगवणारी बाई आणि पाट्यांच्या कामात मी "चित्रकार मॅडम, तुम्हाला हे कसं परवडतं" अशी. मातीत हात असले की घाट डोक्यात, घाटावर बसले की वाळत घातलेल्या मूर्तींना चीर तर जात नसेल ना, हा घोर. रात्री वाटतं, अकरा वर्षांत एकाच गोष्टीवर बसले असते तर आज कुठे असते.

जे या कामावर पोट भरतात त्यांना विचारायचंय. तुम्ही काही सोडलंत का? आणि सोडलं ते ओझं होतं की हात-पाय होता, हे सोडण्याआधी कळलं का?

रेघोट्या | सोमवार, रात्री ११.५५

ताई, मी नाशिकरोडला असते, वय २४, दिवसा एका कंपनीत डिझाइनचं काम आणि रात्री लिनोकट, भरतकाम, थोडं लिहिणं. घरचे विचारतात तेव्हा नेमकं काय सांगायचं, ते मलाही सुचत नाही. उत्तर नाहीये माझ्याकडे. पण तुमचं वाचून मी उठून बसले, एवढं सांगायचं होतं.

कातळ | मंगळवार, सकाळी ७.१०

ताई, गोड बोलणारे पुष्कळ येतील. मला जे खरं वाटतं ते मी लिहितो, राग मानू नका.

मी ३१ वर्षं जलरंग शिकवतोय. तैलरंग खरवडता येतो, मातीत भर घालता येते, पाटीवरचं अक्षर चुकलं तर रॉकेलच्या बोळ्याने पुसून परत काढता येतं. जलरंगात तसं नाही. कागद किती ओला, ब्रशमध्ये पाणी किती, रंग किती, हा हिशोब डोक्याने होत नाही, हाताने होतो. आणि हात रोजच्या सरावाने तयार होतो. तुम्ही आषाढ ते भाद्रपद मातीत असता. परत कागदाला बसता तेव्हा पहिले पंधरा दिवस पाण्याचा अंदाज परत मिळवण्यात जात असतील. दरवर्षी पंधरा दिवस. शिवाय मनातली सलगता तुटते ती वेगळीच.

नाशिकमध्ये राहून शिवाजी तुपे सरांची चित्रं तुम्ही पाहिली नसतील असं होणार नाही. गोदाघाट, इथली देवळं, इथले वाडे त्यांनी जागेवर बसून रंगवले, ते एक-दोन हंगाम नव्हे, आयुष्यभर. दगडी पायऱ्यांवरचं दुपारचं ऊन त्यांच्या कागदावर जसं पडतं तसं पडायला तितक्या दुपारी तिथे बसावं लागतं. याला दुसरी वाट मला तरी दिसलेली नाही.

क्लास ठेवा, पोटाचा प्रश्न आहे. पाट्या आणि पत्रिका बंद करा. मूर्ती वीसवर आणा. तीन वर्षं एवढं करून बघा.

गोदाकाठची | मंगळवार, सकाळी ९.०५

सर, राग नाही. पंधरा दिवसांचं खरं आहे, मला तर जास्तच लागतात. पण "पाट्या बंद करा" वाचताना छातीत काहीतरी हललं. ते का, हे शोधतेय.

त्र्यंबकचा | मंगळवार, दुपारी १.४०

कातळ सरांचा मान राखून दुसरी बाजू मांडतो. आमच्याच गावच्या माणसाची गोष्ट आहे, आणि शाळेच्या पुस्तकात ती दोन ओळींत उरकलेली असते.

दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये. मग बडोद्याचं कलाभवन. तिथे चित्रकला आणि फोटोग्राफी. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेग आला, त्यात पहिली पत्नी आणि मूल गेलं. पुढे पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर. ती नोकरी सोडून छपाईत शिरले, रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी शिळाप्रेसचं काम केलं, स्वतःचा छापखाना उभा केला, रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला गेले. भागीदारांशी बिनसलं, तेही सुटलं. मधल्या काळात जादू शिकले आणि 'प्रोफेसर केळफा' या नावाने प्रयोग केले. आपलंच आडनाव उलटं करून घेतलेलं नाव.

आता १९११ च्या सुमाराला त्यांच्या ओळखीचा एखादा गृहस्थ डोळ्यांपुढे आणा. चाळिशी ओलांडलेला माणूस, चित्रकार म्हणावा तर तसं नाव नाही, छायाचित्रकार म्हणावा तर स्टुडिओ बंद, मुद्रक म्हणावा तर छापखाना हातचा गेलेला, वर जादूचे प्रयोग करतो. "तुम्ही नक्की काय करता" हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसेल?

३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. देखाव्यांना चित्रकला लागली, कॅमेऱ्याला आणि फिल्म धुवायला फोटोग्राफी, पडद्यावर देव प्रकटायला आणि गुप्त व्हायला जादूगाराची नजर. नंतर ते बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले आणि पुढचे चित्रपट इथे झाले. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. मी तिथून जाताना दर वेळी त्या केळफाची आठवण काढतो.

कातळ | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

त्र्यंबककर, छान लिहिलंत. पण गोष्टीचा उरलेला अर्धा भागही ठेवा समोर. सिनेमा सापडल्यावर हा माणूस त्याला असा भिडला की डोळे बिघडेपर्यंत काम केलं. आधीची सगळी हत्यारं त्या एका कामाला लागली. आणि शेवट? १९४४ साली याच नाशकात गेले तेव्हा जग पुढे निघून गेलं होतं. शेवटची वर्षं उपेक्षेतच गेली. तेव्हा सोनेरी मुलामा नको.

माझा प्रश्न ताईंना. तुमच्या चारही गोष्टी लागाव्यात असं एखादं काम तुमच्या डोक्यात आहे का? असेल तर माझं सकाळचं सगळं मागे घेतो. नसेल तर चार गोष्टी चार दिशांना ओढणार.

पट्टी_ब्रश | मंगळवार, रात्री ९.१५

मी सातपूरला राहतो. वय ६६. पेंटर. मुलगा टाइप करून देतोय, मी बोलतोय.

पोरी, तुझ्या बापाचं काम मी डोळ्यांसमोर आणू शकतो, कारण तेच काम मी केलं. फुटावर भाव असायचा. एमआयडीसीत गेटवरचे बोर्ड, ट्रकच्या मागची अक्षरं, शाळांच्या भिंतीवरचे सुविचार. मग फ्लेक्स आले. दोन वर्षांत निम्मं काम गेलं, पुढे तर फोनच वाजेना. माझ्याबरोबरचे दोघं रिक्षा चालवायला लागले, एक वॉचमन झाला. चांगले हात होते. एकाचा हात तर असा होता की दोरी न मारता ओळ सरळ यायची.

मी तगलो कारण मला दुसरंही येत होतं. गणपती मंडळांच्या आरासीत डोंगर, गुहा, किल्ले. शाळांच्या गॅदरिंगचे पडदे. देवळात मूर्तींना रंग द्यायचं काम. तेव्हा नक्की काय करतो असं कोणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. लागेल ते केलं. पण कधी कमी जीव लावून केलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आता जुन्या पद्धतीच्या पाट्या परत मागतात. कॉलेज रोडला कॉफीची दुकानं झालीत, त्या पोरांना हाताची अक्षरं पाहिजेत. मी दर सांगितला तर त्यांनी मान डोलवली, तेव्हा कळलं की कमी सांगितला. तू किती घेतेस? अर्धे आधी घेतेस का? नसशील तर घे. घासाघीस करणाऱ्यापुढे गप्प बसलं की रात्री मनात यायला लागतं की आपलं कामच तेवढ्या लायकीचं असेल. माझं झालंय तसं, पुष्कळ वर्षं.

टिळकवाडी | बुधवार, सकाळी ८.००

एक छोटी भर. तात्यासाहेब शिरवाडकर कविता 'कुसुमाग्रज' नावाने लिहीत आणि नाटकं वि. वा. शिरवाडकर या नावाने. त्याआधी तरुणपणी इथल्याच गोदावरी सिनेटोनच्या चित्रपटात त्यांनी लक्ष्मणाची भूमिका केलेली, पुढे वृत्तपत्रांत नोकरी. वसंत कानेटकर एचपीटी कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि मराठी रंगभूमी गाजवत. नाशिकला अशा माणसांची सवय आहे.

ताईंनीही दोन नावं घ्यावीत का? चित्रांना एक, पाट्यांना एक. कार्डं दोन. समोरच्याचा गोंधळ होत नाही.

निवांत | बुधवार, दुपारी १२.२५

मी समुपदेशक आहे, पण इथे मैत्रीण म्हणून लिहितेय.

१९७८ मध्ये पॉलीन क्लान्स आणि सुझान इम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक निबंध लिहिला. दीडशेवर यशस्वी बायकांशी त्यांचं काम झालं होतं. पदव्या, मानमरातब सगळं असून या बायकांना आतून वाटत होतं की आपण लोकांना फसवतोय आणि एक दिवस उघडे पडू. तेव्हापासून या अनुभवाला 'इम्पोस्टर फिनॉमिनन' असं नाव मिळालं. नाव मिळालं म्हणजे दुखणं गेलं असं नाही, पण ते आपल्या एकटीचं नाही एवढं कळतं.

ताई, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. त्या ज्येष्ठ चित्रकारांनी चार शब्द उच्चारले. "एकावर बसले असते तर कुठे असते" हे त्यांनी म्हटलेलं नाही. "यांना कशातच खोली नाही" हेही नाही. ते तुम्ही रात्री जोडलंत. एका कागदावर डावीकडे ते काय म्हणाले आणि उजवीकडे तुम्ही काय ऐकलंत, असं लिहून बघाल का? उजवी बाजू आली कुठून, मला तिथे बघावंसं वाटतं.

गोदाकाठची | गुरुवार, रात्री १०.४५

निवांत, मी ते लिहिलं. उजवी बाजू भरली आणि मग वाटलं, यातलं काही खरं आहे का हे तपासायचा एकच मार्ग आहे. आज क्लासला सुट्टी होती. जलरंगाच्या कागदांचा खण जमिनीवर उपडा केला. तीन वर्षांत अर्धवट राहिलेले कागद वेगळे काढले. ४१ निघाले.

मला वाटलं होतं, मूर्तींचा हंगाम आला म्हणून राहिले असतील, किंवा पाट्यांची घाई आली म्हणून. मागे तारखा टाकायची सवय आहे, त्या बघितल्या. हंगामात सुटलेले फक्त ९. बाकीचे कार्तिकातले, माघातले, हातात दुसरं काहीच नव्हतं तेव्हाचे. आणि सगळे ओळीने मांडल्यावर जे दिसलं ते लिहायला धीर गोळा करावा लागतोय. यातले ३३ कागद एकाच टप्प्यावर थांबलेत. आभाळ झालंय, पाण्याची पहिली झाक झालीय, मधल्या छटा आल्यात, कागदाचा पांढरा नीट राखलाय. आणि जिथे गडद लावायचा, देवळाचा काळा दगड, कमानीच्या आतला अंधार, नावेखालची सावली, तिथे मी उठलेय. ३३ वेळा.

कारण तोवर चित्र सुंदर असतं. गडद लावला की एक तर उभं राहतं नाहीतर मरतं. मी ते सुंदर असतानाच ठेवून देते आणि माती मळायला जाते, किंवा पेटी उघडते, आणि स्वतःला सांगते की माझ्यात फार गोष्टी आहेत, काय करणार.

शाडूची मूर्ती मी आजवर एकही अर्धी सोडलेली नाही. डोळ्यांची आखणी करताना आजही हात गार पडतो, पण चतुर्थी थांबत नाही. माणूस पाट घेऊन दारात उभा असतो. पाटीलाही दुकानाच्या उद्घाटनाची तारीख असते. जलरंगाची वाट बघणारं कोणी नाही.

म्हणजे मी तुम्हाला प्रश्नच चुकीचा विचारला. चार गोष्टींनी माझा जलरंग खाल्ला नाही. मी तिथून पळायला त्या तिघींचं दार वापरलं. हे कळल्यावर हलकं वगैरे वाटलेलं नाही. आईच्या पेटीशी मी असं वागले याचंच जास्त लागलं.

टिळकवाडी, दोन नावांचं सुचवलंत त्यावर विचार केला. नको वाटतं. वडिलांचं नाव पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असायचं, तेच आडनाव मला चित्राखालीही हवंय.

कातळ सर, चारही लागावं असं काम डोक्यात नाही. खरं उत्तर हेच आहे.

रेघोट्या | गुरुवार, रात्री ११.३०

माझे लिनोचे ठोकळे मोजायची हिंमत होत नाहीये. पण उद्या मोजते.

कातळ | शुक्रवार, सकाळी ६.५०

ताई, ३१ वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने स्वतःचे अर्धे कागद असे मोजून मला दाखवले नाहीत. मीही माझे कधी मोजलेले नाहीत.

नुसता सल्ला देऊन उपयोग नाही, काम करू. रविवारी सकाळी साडेसहाला नारोशंकराच्या देवळापाशी या. छत्री आणा. पाणी चढलेलं नसेल तर खालच्या पायऱ्यांवर, नाहीतर वर आडोशाला. चौथाई आकाराचे सहा कागद, ३०० जीएसएमचेच. एरवी आपण फिक्यापासून गडदाकडे जातो. रविवारी पहिल्या पाच मिनिटांत चित्रातला सगळ्यात काळा ठिपका लावायचा, पूर्ण ताकदीचा, आणि बाकी चित्र त्याच्या मापाने करायचं. चित्र बिघडू दे. घरी न्यायचं नाही असंच ठरवून बसायचं.

गोदाकाठची | रविवार, दुपारी २.१०

आत्ता घाटावरून आले, आंघोळ करून थेट लिहायला बसले.

पाणी बेताचं होतं, दुतोंड्या मारुतीच्या पायाशी. पाऊस भुरभुर. ओला झालेला काळा पाषाण इतका काळा दिसतो हे मी जन्मापासून बघतेय आणि आज पहिल्यांदा बघितलं. कातळ सर आधीच येऊन बसलेले, प्लास्टिक अंथरून. बोलणं फार झालं नाही. पहिला कागद: कमानीचा अंधार पहिल्यांदा लावायचा होता. हात थरथरला, रंग पातळ झाला, वाळल्यावर राखाडी. दुसरा: भरपूर रंग घेतला, पण हवेत ओल असल्यामुळे वाळेचना, शेजारच्या झाकेत उतरला.

तिसऱ्याला मी वडिलांसारखा पट्टी ब्रश धरला. श्वास धरला आणि देवळाची कड वरून खाली एका दमात ओढली. कच्ची कुठेही नाही, थरथर नाही. मनात म्हटलं, हे माझं आहे. सर जवळ आले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "रेघ फार चांगली आहे. पण ही पाटीची कड आहे. या दगडाची कड तीनशे वर्षांच्या पुरांनी खाल्लीय, बघा नीट."

वर बघितलं. खरंच खाल्लेली होती. देऊळ काही तीनशे वर्षांचं नाही, अठराव्या शतकातलं आहे, पण सरांचा मुद्दा पोचला. जो हात मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तोच इथे आड येत होता. एक हात दुसऱ्या कामात आपोआप उपयोगी पडतो असं मी धरून चालले होते, तसं नाहीये. चौथ्या, पाचव्या कागदावर ती कड मोडायचा प्रयत्न केला. जमली नाही. सहाव्यावर अंधार पहिल्यांदा अंधारासारखा बसला, आत काहीतरी आहे असं वाटायला लावणारा. आभाळ मात्र पूर्ण गेलं, कारण त्याकडे लक्षच राहिलं नाही. सहाही कागद ठरल्याप्रमाणे तिथेच सरांच्या पिशवीत टाकले.

काय ठरवलं ते लिहून ठेवते. घटस्थापनेपर्यंत बारा कागद पूर्ण करायचे, चांगले-वाईट न बघता, आणि त्या दिवशी क्लासच्या भिंतीवर लावायचे. मुलांना तारीख सांगून टाकलीय, आता ती पाट घेऊन दारात उभी आहेत असं समजायचं. मूर्ती यंदा ठरल्या तेवढ्याच होतील, ऑर्डरी घेतल्यात. पाट्या राहणार. लग्नपत्रिका मात्र सोडतेय. कालच एका गिऱ्हाइकाला नाही म्हटलं. सांगून फोन ठेवला आणि पाहिलं, छातीत काहीही हललं नाही. पेटी राहील, पण जलरंगाच्या वेळेत उघडायची नाही.

त्या ज्येष्ठांचा प्रश्न अजून टोचतो. काल रात्रीही टोचला. कार्ड बदललेलं नाही.

पट्टी ब्रश काका, तुम्हाला एक विचारायचंय. आरासीतले डोंगर, कातळ तुम्ही त्याच ब्रशने करायचात ना? मग कड कशी मोडायचात?

पट्टी_ब्रश | रविवार, संध्याकाळी ७.४०

ब्रश तोच, पण भरलेला घ्यायचा नाही. रंगात बुडवायचा आणि फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा. मग उभा धरायचा नाही, आडवा पाडायचा आणि कडेवरून नुसता ओढत न्यायचा, दाब न देता. कापडाच्या उंचवट्याला रंग लागतो, खळग्यात लागत नाही. दगड आपोआप फुटतो. पडद्यावर मी असंच करायचो, दहा फुटांवरून खरा कातळ वाटायचा. कागदावर चालतं की नाही ते मला माहीत नाही, कागदावर मी कधी केलेलं नाही.

कातळ | रविवार, रात्री ८.०५

काका, खरखरीत कागदावर चालतं. आम्हीही करतो, पण आडवा पाडून असा नाही. मला बघायचंय.

पट्टी_ब्रश | रविवार, रात्री ८.२०

मग पुढच्या रविवारी मीच येतो. मुलगा सोडायला येईल गाडीवर. दोन इंची ब्रश आणतो, वीस वर्षांचा आहे, केस झिजून बरोबर झालेत. कागद तुम्ही आणा.

रेघोट्या | रविवार, रात्री ८.३५

मी पण येऊ का? १७ ठोकळे निघाले. साडेसहाला नाशिकरोडहून बस मिळते का बघते.

गोदाकाठची | रविवार, रात्री ८.५०

ये गं. नाहीच मिळाली तर मला फोन कर, द्वारका चौकात घ्यायला येते. चहा मी आणेन थर्मासमधून. काका, साखरेचा चालतो ना?